शालनताईंचा पहिला भाग

त्या रविवारी सकाळी तानाजीरावांचा फोन आला तेव्हा मी हसतच उचलला. तासाभरापूर्वीच आम्ही आमच्या पॉडकास्टचा नवा भाग टाकला होता आणि तेव्हापासून फोनला उसंत नव्हती. त्या भागात आमच्या नव्या निवेदिकेची, म्हणजे तानाजीरावांच्या पत्नी शालनताई यांची, श्रोत्यांना ओळख करून दिली होती. कुठं सापडल्या या बाई, असं जो तो विचारत होता. जयसिंगपूरच्या एका व्यापारी मित्रानं तर ‘दुकानात स्पीकरवर लावलंय, गिऱ्हाईक हलंना’ असं कळवलं होतं. पुढच्या भागाच्या रेकॉर्डिंगला शालनताई त्याच दिवशी दुपारी कोल्हापुरात यायच्या होत्या. म्हणून मी विचारलं, “निघाल्या का आमच्या ताई?”

मग तानाजीराव म्हणाले, “गेली, सर.”

“कुठल्या गाडीनं?”

“न्हाय सर... गेली. शालन गेली.”

मला वाटतं, त्यानंतरही मी काहीतरी विचारलं. काय, ते आठवत नाही. त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यानं कानावर येत होतं. पहाटे उठून शालनताईंनी अंगण लोटलं, सडा टाकला. डोकं लई ठणकतंय म्हणून पायरीवर बसल्या आणि बसल्या जागीच कलंडल्या. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना गारगोटीला नेलं. मेंदूतली शीर फुटल्यासारखं दिसतंय, ताबडतोब कोल्हापूरला हलवा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. कोल्हापूर यायच्या आधी, वाटेतच, सगळं संपलं... म्हणजे इथं मी चहाचा कप बाजूला सारून, चष्मा पुसून, ‘भेटा आमच्या नव्या निवेदिकेला’ असं लिहून तो भाग लोकांपुढं ठेवत होतो, त्या वेळी शालनताई त्या गाडीत आडव्या होत्या.

स्वयंपाकघरात माझ्या पत्नीच्या, माधुरीच्या, फोनवर तोच भाग चालू होता. शालनताई मोठ्यानं हसत होत्या. मला ‘बंद कर’ म्हणायचं होतं. मी दारात जाऊन हातानं खूण केली. माधुरीला वाटलं, आवाज वाढव म्हणतोय. तिनं वाढवला.

काही आठवडे होऊन गेलेत. लोक सांगतात की पहिला धक्का ओसरला की माणूस नीट रडतो, मग हळूहळू सावरतो. माझं अजून तसं काही झालेलं नाही. अजूनही दुपारी दाराची कडी वाजली की मी उठतो. ज्या बाईंचा आवाज त्या सकाळी शेकडो घरांत पहिल्यांदा पोचत होता, त्या बाई त्या वेळी नव्हत्याच, ही गोष्ट माझ्या डोक्यात कुठंच बसायला तयार नाही. म्हणून हे लिहितोय. लिहिलं तर कदाचित बसेल.

आमच्या पॉडकास्टचं नाव ‘कोरम’. कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषद, नगरपालिका आणि गावोगावच्या पंचायती यांच्या बातम्या देण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत एक माइक ठेवला आणि तेच काम बोलून करायला लागलो. नळाला पाणी का येत नाही, घरपट्टी कशावरून ठरते, ग्रामसभेत काय काय विचारता येतं, असे आमचे विषय. ग्रामसभा भरायची तर ठरावीक संख्येनं माणसं हजर असावी लागतात, त्याला कोरम म्हणतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की मग तिला कोरमची अट राहत नाही. ज्यांना गावाला न विचारता गावाचं ठरवायचं असतं, त्यांच्या हे चांगलंच पथ्यावर पडतं. शालनताईंची आणि माझी पहिली गाठ याच भानगडीत पडली.

गारगोटीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत, त्यांचं गाव. तिथं सभा कायम तहकूब होते असं एका श्रोत्यानं कळवलं, म्हणून मी एकदा सभेच्या दिवशी रेकॉर्डर आणि हेडफोन घेऊन जाऊन बसलो. देवळाच्या मंडपात सतरंजी अंथरलेली, टेबलामागं सरपंच आणि ग्रामसेवक, समोर मोजकी म्हातारी माणसं. ग्रामसेवकांना आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. हे भाऊसाहेब तरुण होते, घड्याळाकडं बघून कागद गोळा करायच्या बेतात होते. एवढ्यात टेबलाच्या टोकाला खुर्चीवर बसलेल्या एक उंच बाई उठल्या. पदर कमरेला खोचत म्हणाल्या, “भाऊसाहेब, दमा जरा. कागद मिटू नगा. आलोच मी.” आणि चपला पायात सरकवून गल्लीत शिरल्या. त्या दिसेनाशा झाल्या, पण आवाज मंडपापर्यंत येत होता. “अगं ए, चला की सभंला! भाकरी तव्यावर असंल तर उतरून या. जळली तर माझ्या घरातली न्या!”

थोड्या वेळानं बायका यायला लागल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर मूल, एक आजी तर काठी टेकत ‘काय वाटत्यात गं?’ असं विचारतच आल्या. मंडप भरला. सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सभा सुरू झाली, आणि गंमत म्हणजे पहिला विषय त्या उंच बाईंच्याच विरुद्ध होता.

झालं होतं असं. गावच्या आठवड्याच्या बाजाराजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलेलं होतं. बांधलं त्या दिवसापासून ते कुलपात. वापरलं की खराब होतं, हे कारण. बाजाराला वाड्यावस्त्यांवरून भाजी घेऊन येणाऱ्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी न पिता बसायच्या. शालनताई तेव्हा पंचायतीच्या सदस्य होत्या. त्यांनी मासिक बैठकीत विचारलं, पुन्हा विचारलं, उत्तर एकच, बघू. मग एका बाजारच्या दिवशी दिवस भरत आलेली एक भाजीवाली किल्ली मागत पंचायतीत गेली, तर शिपाई जागेवर नाही आणि किल्ली त्याच्या खिशात. शालनताईंनी हे ऐकलं, घरी गेल्या, वरवंटा घेऊन आल्या आणि भर बाजारात कुलूप फोडलं. पंचायतीनं त्यांना नोटीस काढली.

सभेत भाऊसाहेबांनी ती वाचून दाखवली. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान वगैरे. वाचून झाल्यावर शालनताई उभ्या राहिल्या. “वाचलासा? आता माझं ऐका. कुलूप मीच फोडलंय, माझं मला कबूल हाय. कुणाचं नुकसान ठेवून घेणारी बाई मी न्हवं.” असं म्हणून त्यांनी पिशवीतून कोरं करकरीत कुलूप काढलं आणि टेबलावर आपटलं. “हे घ्या नवीन. पर किल्ली माझ्याकडं ऱ्हाईल.”

मंडपातल्या बायकांनी असा काही गलका केला की मला कानावरचे हेडफोन काढावे लागले. सरपंच काहीतरी बोलत होते, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मी भाऊसाहेबांकडं बघितलं. ते मान खाली घालून कागदात काहीतरी शोधत होते. त्यांचे खांदे हलत होते. ते हसू दाबत होते, हे फक्त मला बाजूनं दिसत होतं. ती किल्ली पुढं शालनताईंच्या घरी दाराच्या खिळ्याला राहिली. बाजारच्या दिवशी त्या स्वतः जाऊन दार उघडायच्या आणि संध्याकाळी पाणी मारून घ्यायच्या.

त्या दिवशी सभा उठल्यावर त्यांनी मला हाक मारली. “पावणं, कुठनं आलायसा? चहा घेऊन जावा.” घरी गेलो तेव्हा तानाजीरावांची ओळख झाली. ते मालवाहू टेम्पो चालवतात, कमी बोलतात. राखीव जागेवर शालनताई निवडून आल्या तेव्हा गुलालात माखलेली माणसं हार घेऊन आली आणि सवयीप्रमाणं तानाजीरावांच्याच गळ्यात घालायला लागली. त्यांनी हार हातात घेतला आणि म्हणाले, “मी टेम्पो चालवतोय. पंचायत ती चालवंल.” हे मला शालनताईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्यासारख्या बाईचाही आवाज जरा खाली आला. तानाजीराव तेव्हा उठून बाहेर गेले, टेम्पोचं काहीतरी बघायला.

त्या काही साध्याभोळ्या नव्हत्या. भांडखोर होत्या, हट्टी होत्या, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायच्या. माहेर शिरोळ तालुक्यातलं, नववीपर्यंत शाळा, मग लग्न होऊन इकडं. घरीच शिलाई मशीनवर गावातल्या बायकांची ब्लाउजं शिवायच्या, आणि मापं घेताघेता गावातलं सगळं त्यांना कळायचं. चुकायच्याही. एकदा गटारीच्या कामावरून एका कंत्राटदाराला चारचौघांत बोलल्या, आणि दोष त्याचा नव्हता असं नंतर कळल्यावर तेवढ्याच चारचौघांत जाऊन म्हणाल्या, “माझं चुकलं बाबा. तुला बोललेलं परत घेतलं. खरा कोण हाय त्याला उद्या बोलतो.” आमच्याकडच्या बायका ‘मी बोलते’ म्हणत नाहीत, ‘मी बोलतो’ म्हणतात. पुढं माइकपुढंही त्यांनी त्यात बदल केला नाही.

पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. जिभेला हाड नाही, असा प्रचार झाला. सांत्वन करायला मी त्यांना फोन केला. त्याच मला म्हणाल्या, “पडलो म्हणून काय झालं, सर? गावातनं काढलं न्हाय की.” आणि खरोखरच प्रत्येक ग्रामसभेला त्या आधीसारख्याच जात राहिल्या. फरक इतकाच की आता टेबलासमोर पहिल्या ओळीत बसायच्या. “खुर्चीपेक्षा सतरंजीवरनं बरं दिसतंय,” हे त्यांचं त्यावरचं मत.

गेल्या वर्षी माझा घसा बसायला लागला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी होती, पण डॉक्टरांनी बोलण्यावर बंधन घातलं. दिवसाकाठी थोडकं बोला, तेही हळू. बोलण्यावर चाललेलं पॉडकास्ट आणि बोलणाऱ्याला बोलायची बंदी! बंद करावं असं ठरवत होतो. काही जणांना बोलावून आवाज ऐकून पाहिला. एक प्राध्यापक होते, आवाज घोटलेल्या बासुंदीसारखा. पण त्यांनी पाणीपुरवठ्यावर बोलायला सुरुवात केली की ऐकणाऱ्याला झोप यायची. एके दिवशी जुने भाग चाळताना माधुरीनं ती ग्रामसभा लावली. कुलूप टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, “या बाईंना का नाही विचारत?”

मी फोन केला तर शालनताई आधी हसतच सुटल्या. “मी? सर, माझं साधं बोलणंबी लोकास्नी भांडान वाटतंय.” मग म्हणाल्या, विचार करून सांगतो. दुसऱ्याच दिवशी एसटीनं कोल्हापुरात हजर झाल्या. सोबत तांदळाच्या भाकरी आणि झुणका. “आधी जेवूया, मग बघू कसं काय ते.”

आमची रेकॉर्डिंगची खोली बघून त्यांना फार आश्चर्य वाटलं. आवाज घुमू नये म्हणून मी चारी भिंतींवर जुन्या वाकळा, म्हणजे गोधड्या, टांगल्यात. त्या एकेका वाकळेपुढं उभ्या राहून टाके बघत बसल्या. मग माइकपुढं बसवलं तर इतक्या मोठ्यानं बोलायला लागल्या की यंत्रावरची रेघ लालभडक. मी म्हणालो, “फोनवर बोलता तसं बोला.” तर त्याहून मोठ्यानं, त्यांच्या गावात रेंज कमी असल्यामुळं फोनवर ओरडायचीच सवय. हळू बोलायला सांगितलं तर आवाजातला जीवच गेला. शेवटी त्याच म्हणाल्या, “वैनी, तुमी माझ्यासमोर बसा बगू. भिताडाशी बोलाय मला येत न्हाय.” माधुरी समोर बसली, आणि शालनताई तिला सांगू लागल्या की ग्रामसभेची नोटीस गावात कुठं लावतात आणि ती कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून काय काय करतात. माधुरी हसत होती, मधेच विचारत होती, ‘मग हो?’ म्हणत होती. मी हेडफोनवर ऐकत होतो... आणि मला कळलं की माझी सुट्टी झाली. इतकी वर्षं मी जे सांगायचा प्रयत्न करत होतो ते या बाई गप्पा मारत सांगत होत्या.

ओळखीचा भाग आम्ही पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड केला. मी त्यांच्यासाठी सुरुवातीची चार वाक्यं लिहून ठेवली होती. पहिलंच वाक्य वाचून त्या थांबल्या. “निवेदिका? सर, निवेदनं दिऊन दिऊन तर जन्म गेला माझा. आता हितंबी निवेदनच?” तो कागद त्यांनी घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला. हे सगळं त्या भागात आहे, आम्ही काहीच कापलं नाही. मी माझ्या बसक्या आवाजात विचारतो, “श्रोत्यांना सांगा ना, तुम्ही कोण?” त्या म्हणतात, “नमस्कार. मी शालन. ग्रामपंचायतीला एकदा निवडून आलतो आणि एकदा पडलतो. दोन्हीचा अनुभव हाय. पडल्यावर जास्त कळतंय.” मग मोठ्यानं हसणं. तेच ते हसणं, जे त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात...

पहिला पाहुणा कोण बोलवायचा, यावर आमचा वाद झाला. मी म्हणत होतो, एखादा मोठा अधिकारी किंवा पदाधिकारी बोलावू. त्यांचं आधीच ठरलं होतं. ज्यांनी नोटीस वाचून दाखवली होती ते भाऊसाहेब. त्यांची बदली कोडोलीकडच्या एका गावात झाली होती. “त्यांनाच कशाला?” मी विचारलं. “तुमचं तर भांडण.” त्या म्हणाल्या, “भांडलोय म्हणूनच वळख हाय की. सरपंच वरनं दाबतोय, गाव खालनं वढतंय, मधे भाऊसाहेब. शिव्या द्यायला समदे बोलवत्यात, सर. बोलायला कोण बोलवत न्हाय. त्यास्नी सुखानं बोलू दे एकदा.” भाऊसाहेबांना फोनही त्यांनीच केला. ते यायला कबूल झाले. रेकॉर्डिंगचा दिवस ठरला, तोच तो रविवार.

तानाजीरावांच्या फोननंतर मी आणि माधुरी मिळेल त्या गाडीनं गावाकडं निघालो. वाटेत माझ्या फोनवर संदेश येतच होते. ‘नव्या ताई एक नंबर.’ ‘आमच्या गावाला कधी येणार, विचारा.’ मधेच एखादा, ‘हे खरं आहे का?’ मग पुन्हा, ‘अभिनंदन!’ बातमी पोचलेली माणसं आणि न पोचलेली माणसं एकाच ओळीत उभी होती. मी फोन बंद करून माधुरीच्या पिशवीत टाकला.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी मंडपात पीठ लागलेल्या हातांनी आलेल्या बायकांचे चेहरे मला गर्दीत दिसत होते. एक म्हातारी सारखी तेच ते म्हणत होती, “काल माझं ब्लाउज दिलंन गं... काल दिलंन...” कुणी कुणाला समजावण्याच्या अवस्थेत नव्हतं. तानाजीराव पायरीपाशी उभे होते, त्याच पायरीपाशी. त्यांनी मला बघून हात जोडले आणि विचारलं, “जेवलासा काय?” मी नुसती मान हलवली. काय म्हणून हलवली, मला माहीत नाही.

स्मशानातून परतताना भाऊसाहेब भेटले. ते कोल्हापूरला निघाले होते, अर्ध्या वाटेत त्यांना कळलं आणि तसेच इकडं वळले. अंगात नवा, इस्त्रीचा शर्ट होता. मी शर्टाकडं बघतोय असं वाटून ते ओशाळले. “कालच शिवून आणला, सर. आवाजाच्या कार्यक्रमाला शर्ट कशाला दिसतोय म्हणून घरात बायको हसत होती... पण मला कुणी असं पाहुणा म्हणून कधी बोलावलंच नव्हतं.” त्यांनी शर्टाच्या बाहीनंच डोळे पुसले. मग विचारलं, “त्या मला काय विचारणार होत्या, तुम्हाला म्हणाल्या होत्या का?”

मला माहीत नव्हतं. शालनताई प्रश्न लिहून आणत नसत. मी तसं सांगितलं. ते तरीही थोडा वेळ माझ्याकडं बघत उभे राहिले, जणू मला आठवेल.

घरी परतल्यावर चारेक दिवसांनी मी तो भाग काढून टाकला. गेलेल्या माणसाचा आवाज ‘नवीन’ अशा पाटीखाली लोकांनी ऐकत राहावं, त्यावर हसण्याची चिन्हं टाकावीत, हे मला बघवेना. त्या जागी त्यांचा फोटो आणि दोन ओळी टाकल्या. आता शांत वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तानाजीरावांचा फोन. “सर, ते शालनचं काढलंय काय? लागंना झालंय.”

मी कारण सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, “तेवढं लावून द्या की, सर. सकाळी आन् संध्याकाळी लागतंय मला.” मी लगेच तो भाग पुन्हा टाकला. बायकोचा आवाज ऐकल्याशिवाय या माणसाला करमत नाही, हे मला समजत होतं. त्याला सकाळ-संध्याकाळ अशी वेळ का, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं पुन्हा गावाला गेलो. दिवस कलायला आला होता. घराला कडी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, “गोठ्यात असतील की, मागं.” आम्ही घराला वळसा घालून मागं गेलो, आणि मी जागच्या जागी थांबलो. गोठ्यातून शालनताईंचा आवाज येत होता. “...एकदा निवडून आलतो आणि एकदा पडलतो...” माधुरीनं माझा दंड धरला.

आत तानाजीराव म्हशीशेजारी उकिडवे बसले होते. गुडघ्यात चरवी धरलेली, फोन गव्हाणीच्या कठड्यावर टेकवलेला. आम्हाला बघून ते उठायला लागले, मी हातानंच बसा म्हटलं. “हिची धार कायम शालनच काढायची,” ते म्हशीकडं बघत म्हणाले. “काढताना बोलत ऱ्हायाची. तुमच्याकडं यायचं ठरल्यापास्नं समदा सराव हितंच. पंचायत, सभा, कोरम, समदं हिला सांगायची. ती गेली तवापास्नं ही पान्हाच सोडंना. पोरीनं काढून बघितलं, माझ्या आईनं बघितलं, लाथ मारती. मग म्या एकदा हे लावलं.” त्यांनी फोनकडं बोट केलं. “तवा कुठं जरा थंड झाली.”

म्हैस कान मागं करून उभी होती. धार चरवीत वाजत होती, आणि वर शालनताई वाकळांच्या खोलीत बसून हसत होत्या. तेवढ्यात फोनमधून माझा स्वतःचा खरखरीत आवाज आला, मी कुठला तरी प्रश्न विचारत होतो, आणि म्हशीनं पाय उचलला. तानाजीरावांनी चटकन चरवी मागं घेतली, ओल्या बोटानं भाग थोडा पुढं ढकलला. शालनताईंचा आवाज परत सुरू झाला. ते संकोचून म्हणाले, “रागवू नगा, सर. तुमचा आवाज लागला की दूध चोरती ती. मग मी तेवढं फुडं ढकलतोय. पर हात वले असत्यात, कधी गावतंय, कधी न्हाय.”

त्या संध्याकाळी आम्ही चहा घेतला, त्यांच्या मुलीशी बोललो, शेवटच्या गाडीच्या आधी निघालो. ‘कोरम’ सध्या थांबलेलं आहे. पुढं चालवा म्हणून फोन येतात, भाऊसाहेबही मधूनमधून विचारतात. मी अजून कुणाला काही कळवलेलं नाही.

पण घरी आल्यावर एक काम मी केलं. मागच्या खोलीत बसून तो भाग उघडला आणि त्यातला माझा आवाज काढून टाकला. प्रश्न, ‘बरं’, ‘वा’, घसा खाकरणं, सगळं. कापताना कुठंही त्यांचं हसणं तुटू नये याची काळजी घेतली. उरल्या नुसत्या शालनताई, न थांबता बोलणाऱ्या. तेवढं तानाजीरावांना पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी ‘हॅलो’ म्हणालो. मागं गोठ्यात शालनताई बोलत होत्या, आणि त्यांच्या बोलण्याखाली चरवीत पडणारी धार ऐकू येत होती, एकसारखी, न तुटता. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. त्यांनीही तो ठेवला नाही.